उजव्या बाजूचा डाग

३ फेब्रुवारी, सोमवार

छोट्या दवाखान्यातल्या सोनोग्राफी मशीनची ठरलेली सर्व्हिसिंग उरकली. मशीन जुनी, पण माझ्या हातची आहे म्हणून अजून कुरकुरत नाही. पंखा साफ केला, फिल्टर धुतला आणि शेवटी नेहमीप्रमाणे शर्ट वर करून स्वतःच टेबलावर आडवा झालो. प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचा तो दांडा, उजव्या बरगडीखाली. तिथे लिव्हर आणि किडनी शेजारी-शेजारी दिसतात. राखाडी छटा जुळवायला त्याहून चांगली जागा नाही. कंपनीने यासाठी रबरी ठोकळा दिलाय, पण तो ऑफिसात कपाटावर धूळ खातो. तो कोण वागवत बसणार? पोट कसं, सदैव बरोबर असतं!

मशीन चालवणारी बाई मागेच उभी होती. मान पुढे काढून म्हणाली, "साहेब, हे काय दिसतंय? डॉक्टर आतच आहेत, बोलावू का?" किडनीच्या खालच्या टोकाला डाग होता खरा. मी म्हटलं, प्रोब जुना झालाय, सावली पडते. तुम्ही पेशंट बघा, मशीन माझ्यावर सोडा.

११ फेब्रुवारी, मंगळवार

त्याच बाईंची ऑफिसात तक्रार. "उजव्या बाजूला डाग येतो." परवाच तर मशीन हातावेगळी केली होती! चडफडत गेलो. नवा प्रोब लावला, शर्ट वर केला — डाग हजर. केबल बदलली. हजर.

विचारलं, पेशंटवर येतो का? तर म्हणे, "कधी येतो, कधी येत नाही." आमच्या धंद्यात याहून वाईट वाक्य नाही. कायमचा बिघाड परवडला. कधीमधी येणारा बिघाड म्हणजे डोक्याला नुसता ताप.

खात्री करायची म्हणून दारावरच्या वॉचमनला झोपवलं. त्याला गुदगुल्या व्हायला लागल्या, हसता हसता टेबलावरून पडता पडता वाचला. त्याची किडनी मात्र स्वच्छ. म्हणजे मशीन तापली की डाग येतो आणि जरा निवली की जातो. आतल्या बोर्डाचंच काम दिसतंय.

घरी आलो तर ही शिलाईच्या मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "रक्तदाबाची गोळी घेतली का?" नव्हती घेतली. घेतली म्हणालो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बोर्ड बदलला. डाग आहे तिथेच! मी हात टेकले. इतकी वर्षं हे काम करतोय, पण एका मशीनने मला असं कधी खेळवलं नव्हतं.

आणि या तक्रारबाई (मी त्यांचं हेच नाव ठेवलंय) शांतपणे म्हणतात, "साहेब, हाच डाग दुसऱ्या एखाद्या मशीनवर येतो का, ते एकदा बघा की." या मशीनचा बिघाड दुसऱ्या मशीनवर कसा दिसेल? शिकलीसवरलेली बाई असून असं बोलते! मी बॅग उचलली आणि निघालो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

काढून आणलेला बोर्ड ऑफिसात तपासला. ठणठणीत निघाला. मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाला, "चष्म्याचा नंबर वाढला का हो तुमचा?" माझी लाज गेली ती गेलीच. पण विनाकारण तक्रारी केल्याबद्दल त्याने तिच्या डॉक्टरांनाही फोन लावला. बरं झालं. तिचीही खोड मोडेल.

४ मार्च, मंगळवार

हल्ली सगळी कामं एक्स-रेची चालली होती. आज मोठ्या हॉस्पिटलात नवीकोरी सोनोग्राफी मशीन बसवायला गेलो. खोक्यावरच्या पट्ट्या मीच कापल्या. पडद्यावरचं प्लास्टिक मीच सोललं. सुरू केली, शर्ट वर केला, प्रोब लावला.

डाग.

त्याच जागी. नव्या पडद्यावर तर कड न् कड दिसत होती. जेल पुसलं, पुन्हा लावलं. कूस बदलली, श्वास धरून बघितला. श्वासाबरोबर किडनी खाली सरकली आणि डागही तिच्याबरोबर सरकला. मशीनचा डाग पडद्यावर जागच्या जागी राहतो. श्वासाबरोबर हलत नाही. एवढं मला कुणी शिकवायला नको होतं, आणि तरी महिनाभर मी ते बघितलं नव्हतं.

वॉचमनवर डाग नव्हता. माझ्यावर होता, दोन्ही मशीनवर. मशीन बिघडली नव्हती.

शर्ट तसाच खाली ओढला, जेलसकट. मला अवयवांतलं काय कळतं? चित्र धारदार आलं की माझं काम झालं. चित्रात काय आहे ते बघायचं, हे कधी मनातच आलं नाही. तिथल्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी बराच वेळ प्रोब फिरवला आणि विचारलं, "घरी कोण कोण असतं तुमच्या?"

५ मार्च, बुधवार

हिला सांगितलं. ती गणवेशाला बटणं लावत होती. हातातलं बटण लावून पूर्ण केलं, दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "तपासणीला किती वाजता जायचंय?" मग आत जाऊन नळ सोडून रडली. नळाच्या आवाजात मला ऐकू येत नाही असं तिला इतक्या वर्षांत अजून वाटतं.

७ मार्च, शुक्रवार

सी.टी. झाला. शिरेतून औषध सोडतात तेव्हा अंगभर एकदम ऊब पसरते. सोडणाऱ्याने आधी सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही. ती मशीन दुसऱ्या कंपनीची. पंखा खरखरत होता. सांगितलं त्यांना. सांगितल्यावर जरा बरं वाटलं, आपण अजून कामाचे आहोत असं.

१२ मार्च, बुधवार

सर्जनची भेट. बारीक आवाजाचा माणूस, घाई नाही. ही वहीच घेऊन बसली होती, पण एक अक्षर लिहिलं नाही. नुसती ऐकत होती.

उजव्या किडनीला गाठ आहे. साडेतीन सेंटीमीटर, म्हणजे लहान लिंबाएवढी. "कॅन्सर असण्याचीच शक्यता जास्त. अशा घट्ट गाठी बहुतेक कॅन्सरच्या निघतात. सगळ्या नाही, पण बहुतेक." तो शब्द खोलीत पहिल्यांदाच उच्चारला गेला. मी छताच्या पंख्याकडे बघत बसलो. एक पातं वाकलेलं होतं.

मी म्हटलं, सुईने तुकडा काढून आधी बघणार नाही का? ते म्हणाले, "काही वेळा बघतो. तुमची तशीही काढायचीच आहे. पूर्ण तपासणी बाहेर काढल्यावरच होईल." मग दुखलं कसं नाही इतके दिवस? "किडनी मागे खोल असते, लवकर तक्रार करत नाही. पूर्वी लघवीतून रक्त जायला लागलं की पेशंट यायचे, किंवा कुशीत दुखायला लागलं की. तोवर गाठ मोठी झालेली असायची. आता कितीतरी जणांची भलत्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत सापडते." मी म्हटलं, माझी तर सर्व्हिसिंगमध्ये सापडली. ते हसले. ही हसली नाही.

कशामुळे झालं? सिगरेट, वजन, रक्तदाब यांनी धोका वाढतो, म्हणाले, पण यातलं काहीच नसलेल्यांनाही होतो. सिगरेट सोडून खूप वर्षं झाली. रक्तदाब म्हणाले तेव्हा हिने माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा पंख्याकडे बघितलं.

पण मुख्य गोष्ट लिहायचीच राहिली. बाहेर कुठे पसरलेली दिसत नाही! छातीचा फोटो साफ, शिरा साफ, डावी किडनी ठणठणीत. आणि गाठ टोकाला आहे, म्हणून आख्खी किडनी काढायची गरज नाही. गाठ आणि तिच्याभोवतीची थोडी कड काढायची, बाकीची किडनी शिवून ठेवायची. "तुमच्या भाषेत सांगायचं तर मशीन बदलायची नाही, तेवढाच खराब भाग काढायचा." हे मात्र मला लगेच समजलं.

जिन्यात हिने माझा दंड धरला तो रस्त्यापर्यंत सोडला नाही. गेल्या आठवड्यापासून पहिल्यांदा मला भूक लागली. कोपऱ्यावरच्या दुकानात उभ्या उभ्या दोघांनी बिस्किटांचा आख्खा पुडा संपवला.

३० मार्च, रविवार

लेक आली. आल्या आल्या माझ्या सगळ्या गोळ्या तारखेप्रमाणे डब्यात भरल्या. "बाबा, तू दुसऱ्यांच्या मशीन्सची सर्व्हिसिंग वेळेवर करतोस आणि स्वतःची?" आईने पढवलेलं वाक्य. तरी लागलं.

उद्या ऑपरेशन. भीती वाटते. ऐनवेळी आख्खी किडनीच काढावी लागू शकते, तेही सर्जनने सांगून ठेवलंय. एकीवरही माणूस नीट जगतो म्हणाले. पण शिवून ठेवली तर बरं.

३ एप्रिल, गुरुवार

किडनी वाचली!

शुद्धीवर आल्यावर हिने सांगितलेलं पहिलं वाक्य तेच. पुन्हा झोपलो. उठलो आणि पुन्हा विचारलं. म्हणे, तिसऱ्यांदा विचारताय. जीव भांड्यात पडला.

पोटाला चार छोटी भोकं, एक नळी. हसलं की दुखतं. शेजारच्या खाटेवरचा निवृत्त ड्रायव्हर मुद्दाम विनोद सांगतो. त्याला हाताने गप्प बस म्हणतो, तर तो आणखी एक सांगतो. परिचारिका म्हणते, दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत टाकीन.

११ एप्रिल, शुक्रवार

रिपोर्ट आला. कॅन्सरच होता. किडनीच्या कॅन्सरचा जो प्रकार सगळ्यात जास्त आढळतो, तो. कळलेलंच होतं, तरी कागदावर वाचताना डोळे भरून आले. पण पहिल्या टप्प्यातला, किडनीच्या बाहेर गेलेला नाही. कापलेली कड स्वच्छ, म्हणजे गाठ पुरी निघाली. केमो नाही. आत्ता दुसरं काहीच औषध नाही. फक्त ठरल्या वेळी तपासण्या करत राहायचं, काही वर्षं. "पुन्हा होणारच नाही असं म्हणत नाही," सर्जन म्हणाले, "पण तुमची बाजू चांगली आहे." मी विचारलं, आणखी वर्षभर सापडली नसती तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. वाढली असती. कदाचित बाहेरही पडली असती.

हिने रिपोर्टाची घडी घालून ब्लाउजच्या कापडांच्या कपाटात ठेवली. तिच्या मते घरात तीच जागा सगळ्यात सुरक्षित.

१९ मे, सोमवार

कामावर. जड उचलायचं नाही. मॅनेजरने एक पोरगा दिलाय उचलायला. स्वतःहून माझी बॅगही घेतो. मॅनेजरला माझ्या आजारपणापेक्षा जास्त आश्चर्य याचं, की मी रबरी ठोकळा कपाटावरून काढून पुसला. म्हटलं, आता सर्व्हिसिंग यावरच. माझ्या पोटाची जागा बदलली, छटा जुळत नाहीत.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. तक्रारबाईंच्या त्या मशीनमध्ये बिघाड नव्हता, हे तर नक्की झालं. मग त्यांना पेशंटवर डाग कुठला दिसायचा? त्यांच्याच हाताची काहीतरी चूक असणार. फेब्रुवारीनंतर त्यांची एकही तक्रार नाही. बहुतेक त्यांच्या डॉक्टरांनी चांगलंच झापलं असेल.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सहा महिन्यांची तपासणी. सी.टी. साफ. रक्त चांगलं, किडनी नीट काम करतेय. रक्तदाबही आटोक्यात! घरी येऊन हिला सांगितलं. "गोळी घेतली का?" — "घेतली." — "खरंच?" — "खरंच." आज ती नळ न सोडताच रडली, माझ्यासमोर. मीही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आज तक्रारबाईंच्या मशीनची पाळी. ठोकळ्यावर तपासली, सगळं ठीक. निघताना राहवलं नाही, विचारलं — तेव्हा कधी येतो, कधी येत नाही म्हणाला होतात, तर तो डाग नेमका कुठल्या पेशंटवर यायचा?

त्यांनी प्रोब पुसून जागेवर ठेवला. "कुठल्याच नाही, साहेब. तुम्ही झोपलात की यायचा." मी बॅग खाली ठेवली. "पहिल्या दिवशी सांगून बघितलं, तुम्ही उडवून लावलंत. म्हटलं, मशीनसाठी तरी याल."