बटणांचा दगड

प्रिय बारक्या,

ठमी बरी आहे. आधी हेच लिहिते, नाहीतर तू पुढचं सगळं श्वास रोखून वाचशील. दवाखान्यातून घरी येऊन आज अकरा दिवस झाले. कालपासून शाळेतही जायला लागली. जिना चढताना अजून मध्येच थांबते, आणि ती थांबली की मी तिच्या मागच्या पायरीवर जाऊन उभी राहते. दुपारी झोपली की मी शिलाईचं मशीन बंद करते आणि तिच्या नाकापुढे हात धरून बघते. ती साधं खोकली तरी मी सुई टाकून तिच्याकडे धावते. लहानपणी मी पालीला घाबरायचे म्हणून तू किती चिडवायचास. ते काहीच नव्हतं रे.

दोन महिने सांभाळ, तोवर मला तिकडे खोली मिळेल, असं म्हणून तू ती प्रवाळांची काचेची टाकी आमच्याकडे ठेवून गेलास, त्याला चौदा महिने झाले. सुरुवातीला मला तिचा वैतागच यायचा. पंपाची घरघर, काचेच्या कडांवर साचणारं मीठ, दर आठवड्याला बादलीभर खारं पाणी कालवायचं, तेही मोजूनमापून. आमच्या आमटीत मीठ कमीजास्त झालेलं चालतं, तुझ्या प्रवाळांना चालत नाही, असं तुझे भाऊजी सगळ्यांना सांगत सुटायचे. पण हळूहळू माझाही जीव जडला. ते छत्रीसारखं प्रवाळ एकदा आठवडाभर मिटून बसलं. मला वाटलं, गेलं. मग अंगावरची पातळ साल टाकून असं काही उमललं की ठमीनं आणि मी टाळ्याच वाजवल्या. आणि दगडावरची ती हिरवी-नारिंगी प्रवाळं, अगदी बटणांसारखी! टाकीतला दिवा लावला की एकेक करून उघडायची. आई, तुझा बटणांचा डबा सांडला, असं ठमी रोज म्हणायची.

ही बटणं मात्र पुढे फार माजली. एका दगडावरून दुसऱ्यावर चढली, छत्रीच्या बुंध्यापर्यंत पोचली. त्या रविवारी सकाळी तुझा फोन आला. अजून सहा महिने तरी टाकी नेता येणार नाही, असं म्हणालास, आणि तुझ्या लिफ्ट बसवायच्या कामावर कुणीतरी हाक मारली म्हणून फोन ठेवून दिलास. माझं डोकं फिरलं. मी काय याच्या दगडांची मोलकरीण आहे का, असं पुटपुटत मी बटणांनी सगळ्यात जास्त भरलेला दगड बाहेर काढला, सिंकमध्ये ठेवला, किटली उकळली आणि सगळं पाणी त्याच्यावर ओतलं. वर ब्रशनं घासत बसले. वाफेला ओल्या नाण्यांसारखा वास होता. खिडकी बंद होती. ठमी पाठीमागे टेबलावर नकाशा रंगवत होती.

अर्ध्या तासानं ती म्हणाली, "आई, माझ्या तोंडात चमचा ठेवल्यासारखं लागतंय." माझ्याही जिभेला तसंच लागत होतं. मी तिला पाणी दिलं आणि नकाशा पूर्ण कर म्हटलं. मग तिला थंडी वाजायला लागली. अंग तापलं, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. तुझे भाऊजी खाली सायकलचं पंक्चर काढत होते. माझी हाक ऐकून ते काळ्या हातांनीच वर आले आणि तिला उचलून शेजाऱ्यांच्या गाडीकडे धावले. दवाखान्यात तिच्या एवढ्याशा तोंडाला लावलेला मास्क सारखा घसरत होता. तिची नखं निळी पडली होती. डॉक्टरीणबाई विचारत होत्या, काय खाल्लं, गॅस गळत होता का, काही उकळलं का. मी म्हटलं, दगड धुतला. त्यांनी कुणाकुणाला फोन केले आणि परत येऊन सांगितलं की या जातीच्या प्रवाळात विष असतं, वाफेतून पसरतं. त्यावर उतारा नाही, प्राणवायू देत राहायचा आणि वाट बघायची. तीन दिवस आम्ही वाट बघितली. मलाही ताप होता. मी तो कुणाला सांगितला नाही, कारण मला वेगळ्या खोलीत नेलं असतं.

दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या तुझ्या भाऊजींनी मला विचारलं, "तुझ्या भावाला एवढं सांगता आलं नाही?" मग त्यांनी माझ्यासमोर तुला फोन लावला. ते जे बोलले ते मी ऐकलं, तू तर ऐकलंसच. तू एवढंच म्हणालास की चुकलो भाऊजी, सांगायला हवं होतं.

बारक्या, तू सांगितलं होतंस. तू जाताना कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला होतास. बटणांच्या दगडाला उघडा हात लावायचा नाही, गरम पाणी तर कधीच नाही, विष आहे. खाली दोन रेघा मारल्या होत्यास. किटली उचलताना मला तो कागद आठवत होता. मला ती बटणं मारायचीच होती. फक्त मागे माझी पोर बसली आहे हे मला आठवलं नाही. दवाखान्यातून पहिल्यांदा कपडे न्यायला घरी आले, तेव्हा आधी तो कागद फाडून टाकला. तुला ठाऊक होतं, तरी तू माझं नाव घेतलं नाहीस. आणि मी एवढे दिवस तुला शिव्या खाऊ दिल्या, कारण हे कळल्यावर तुझे भाऊजी ठमीला माझ्यापाशी एकटी सोडतील का, या भीतीनं माझी जीभच उचलत नव्हती. काल संध्याकाळी इथपर्यंत लिहिलं आणि कागद त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. जेवण तसंच राहिलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याचा पत्ता दे." त्यानंतर माझ्याशी ते बोललेले नाहीत. आज सकाळी मात्र ठमीला माझ्यावर सोपवून कामावर गेले. पाकिटावरचं अक्षर त्यांचं आहे.

तुझीच, तू पाठीशी घातलेली,
ताई