सांबरा ते तेजू, पावणेचार तास

जांबोटी, १२ एप्रिल

चि. सौरव यास आप्पाचे अनेक आशीर्वाद.

मला फोनवर धड ऐकू येत न्हाय आणि तुझ्या पूल बांधायच्या कॅम्पात रेंज न्हाय, तवा आपला कागदच बरा.

आईला लई दम लागतोय. बेळगावचे डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, पोराला बोलावून घ्या. माझ्या तर काळजाचं पाणीच झालं. पण तुझी बहीण माधवी उचगावहून बघायला आलती. तिनं मोबाईलवर काढलं. आपलं सांबऱ्याचं विमानतळ ते तुझ्या अरुणाचलातलं तेजूचं, अडीच हजार किलोमीटर, विमानानं पावणेचार तास! अरं, बेळगावचा बाजार करून जांबोटीला परतायला ह्याहून जास्त वेळ जातोय.

आई किती दिसांनी हसली. तू निघालास की उडदाची डाळ भिजत घालायची, डाळ भिजंस्तोवर तू दारात, मग गरम वडे, असा तिचा बेत हाय. म्हणून आत्ताच रजा टाकू नको. गरज पडली की सांगतो.

पुलावर सांभाळून चाल. आमच्यावरची माया आटू देऊ नको.

तुझा आप्पा, भरमू

पुलाचा कॅम्प, २१ एप्रिल

ती. आप्पांना आणि आईला सौरवचा साष्टांग नमस्कार.

आप्पा, पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. आकडा खरा आहे, पण तसं विमानच नाही हो! दोन गावांत दोरी ताणावी तसं मोजून मोबाईल वेळ सांगतो. मला इथून तेजूला उतरायलाच दोन दिवस लागतात, तेही दरड नसेल तर. पुढं मोजकी विमानं, ढग असले की तीही परत फिरतात. मग गुवाहाटी, बंगळूर, सांबरा.

आईला यातलं काही सांगू नका, तिला डाळीचा बेत करू दे. पण गरज पडायची वाट बघू नका. बदली माणूस आल्याशिवाय साहेब रजा देत नाहीत, घरचा निरोप आला तर मात्र लगेच सोडतील. माधवीला आजच आमच्या ऑफिसात फोन करायला सांगा, ते वायरलेसवर मला कळवतील.

रेशनची गाडी निघालीय, तिच्याबरोबर हे देतो. आईच्या पायांवर डोकं ठेवतो.

तुमचाच, सौरव

जांबोटी, ११ मे

चि. सौरव यास आशीर्वाद.

तुझं पत्र काल आलं. तवर आईला जाऊन आठवडा झालता. माधवीनं ऑफिसात कळवलंय, तुझ्यापत्तूर पोचलंच असंल.

तिचा दम लई वाढला तसा माधवीला तुझ्या ऑफिसात फोन करायला लावला. तू निघणार म्हणून आईनं लगेच डाळ भिजत घालायला लावली. सांजच्याला माधवी रडत सांगत आली, दरड पडून तुझा रस्ताच तुटलाय. आईला कुठल्या तोंडानं सांगू? डाळ भिजली काय म्हणून ती विचारायची, मी आत्ताच घातलीया म्हणायचो. तिचा डोळा लागला की भिजलेली डाळ म्हशीला घालायचो आणि नवी भिजत टाकायचो. दोन दिस असंच केलं. मग तिनं भांडं जवळ मागितलं, दाणा बोटांनी दाबून बघितला. अजून कच्ची हाय, पोराला वेळ हाय, तवर जरा पडते म्हणाली. ती उठलीच न्हाय.

डॉक्टर सांगत होते, तरी मीच तुला थांबवलं. त्या पावणेचार तासांनी मला खुळं केलं, बाळा.

रस्ता झाला की ये. आता पळत येऊ नको. तू दारात आल्यावरच डाळ भिजत घालीन. ती भिजंस्तोवर माझ्यापाशी बस.

वाट बघणारा,
आप्पा