हद्द आणि वरचं कोर्ट

दादा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, पण आज कोर्टाबद्दल बोलायचं आहे आणि या घरात त्यातलं कळणारे तुम्ही एकटेच होता. तुमची नात, माझी लेक, अमेरिकेत आहे. तिचा घटस्फोट झाला, आणि तिथल्या कोर्टानं तिच्या सहा वर्षांच्या मुलीला बापाबरोबर दुसऱ्या राज्यात राहायला जायची परवानगी दिली. त्यावर अपील करायला आता नऊ दिवस उरलेत. बाकीचे वाया गेले, आणि ते माझ्यामुळे गेले.

तिच्या वकीलबाई पहिल्यापासून सांगत होत्या की राज्याच्याच अपील कोर्टात जाऊ. मला ते पटेना. आपल्याकडे तालुक्याला हरलं की नगर, तिथं हरलं की खंडपीठ आणि शेवटी दिल्ली. जिना एकच, चढत राहायचं. तिकडे राज्याची कोर्टं वेगळी नि केंद्राची वेगळी, असं लेकीनं सांगताच मी निकाल देऊन मोकळी झाले: केंद्राचं ते मोठं, आणि दोन राज्यांतला मामला म्हणजे केंद्राचाच. तिनं वकीलबाईंना न विचारता तिथं कागद दाखल केले. न्यायाधीशांनी ते परत पाठवले. घटस्फोट आणि मुलांचा ताबा आमच्याकडे येत नाही, म्हणाले. तेव्हापासून मी वाचत बसले आहे. तिथं जिने दोन आहेत, दादा, आणि दोन्ही एकाच गावात. लग्न, मूलबाळ, जमीनजुमला, असली बहुतेक भांडणं राज्याच्या कोर्टात चालतात. राज्याच्या कायद्याचा अर्थ काय, यावर त्या राज्याच्या सर्वोच्च कोर्टाचा शब्द शेवटचा. वॉशिंग्टनचं, देशाचं सर्वोच्च कोर्टसुद्धा तो बदलत नाही. मी तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. संघराज्याची व्याख्या मुलींकडून घोकून घेतली, आणि मला हे ठाऊक नव्हतं. लाज वाटते.

तुम्ही श्रीगोंद्याच्या कोर्टात बेलिफ होता, गावोगाव समन्स पोचवायचा. मला तो सकाळचा प्रसंग आठवतो. तुम्ही चुलीपुढं भाकरी खात बसलाय आणि दारात एक म्हातारी उभी आहे. दिरावर तिनं वाटणीचा दावा लावलाय, आणि दीर समन्स चुकवायला ओढ्यापलीकडं सासुरवाडीला जाऊन राहिलाय. “बापू, नुसता वढा वलांडायचा हाय,” ती हात जोडते. तुम्ही मान हलवता. “मावशी, वढ्यापल्याड कर्जतच्या कोर्टाची हद्द. माज्या हातनं समन्स गेलं तर उद्या दिराचा वकील हद्दीवरच बोट ठिवंल. तुमचंच काम बुडंल.” ती रडत गेली. मी तुमच्यावर चिडले, म्हणाले, तुम्ही भित्रे आहात. तुम्ही ताट बाजूला सारलंत. “कोर्ट मोठं-बारकं बघायचं न्हाई, पोरी. हद्द कुनाची, यवढंच बघायचं. लई शहाणी झाली व्हय?” आणि त्याच दिवशी रजा टाकून, समन्स कर्जतच्या कोर्टाकडं रीतसर पाठवायचा अर्ज म्हातारीकडून करून घेतलात. ते मला आईकडून नंतर कळलं. तुमची माफी मागायची मात्र राहून गेली.

काल लेक फोनवर म्हणाली, “आई, मी दमले. जाऊ दे आता.” मी म्हटलं, दमायचं ते नऊ दिवसांनी. आधी वकीलबाईंची माफी माग, म्हणावं चूक आईची. मग अपील, त्यांनी सांगितलं होतं त्याच कोर्टात. ते दाखल होईपर्यंत मी रोज सकाळी सहाला तिला फोन करणार आहे. ती कंटाळेल, करवादेल, तरी करणार आहे. तिथं हरलो तर त्या राज्याच्या सर्वोच्च कोर्टाचं दार ठोठावू. नात माझी आहे, मी सोडणार नाही.

हे पत्र कपाटात राहील. पत्ता तरी कुठला घालू? पण एक गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझा सल्ला लेक ऐकत नव्हती, म्हणून मी तिला सांगितलं की हे आजोबांचं म्हणणं आहे, ते नेहमी म्हणायचे, सगळ्यात मोठ्या कोर्टात जावं. तुमचं नाव ऐकून ती केंद्राच्या कोर्टात गेली. कागद परत आले तेव्हाही तिनं तुम्हाला दोष दिला नाही. “आजोबांच्या वेळी बरोबर असेल गं,” एवढंच म्हणाली. आणि दादा, तुम्ही असं कधी म्हणालाच नव्हता, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.