उतारावरचा हात

गुरुवार, संध्याकाळ

आज दादाबरोबर पिकअपमधून हरसूलच्या बाजाराला गेलो, गाडी दादाच चालवत होता. ही इलेक्ट्रिक गाडी घेतल्यापासून रोज चार्जिंगचे युनिट आणि किलोमीटर लिहितोय, पण कंपनीने सांगितलं तेवढं ॲव्हरेज काही पडत नाही. बॅटरीवरून सर्व्हिसवाल्याशी भांडूनही झालं. उगाचच.

घाटाचा उतार लागला आणि दादाचा हात सवयीने गिअरकडे गेला. गाडी न्यूट्रलला. डिझेलच्या गाडीवर तो आयुष्यभर असंच ॲव्हरेज काढत आला. मलाही त्यानेच शिकवलेलं.

म्हटलं, "दादा, हिला उतारावर ड्राइव्हमध्येच राहू दे. उतरताना ती स्वतःच चार्ज होते. न्यूट्रलला टाकली की ते सगळं वाया जातं."

त्याने गाडी पुन्हा ड्राइव्हला टाकली. मग म्हणाला, "मग उतारावर मी काय करायचं?"

"काही नाही. नुसतं बसायचं."

बरोबरच बोललो ना मी? मग एवढं थकल्यासारखं का होतंय? पुढच्या उतारावर त्याचा हात पुन्हा उचलला गेला, अडखळला, आणि मांडीवर येऊन पडला. हरसूल येईपर्यंत तो हात तिथेच होता.

घरी येऊन हिशोब केला. आज ॲव्हरेज चांगलं पडलंय. दादाला सांगितलं नाही.