सुळ्यातला जीव

४ मार्च

लेकीचा पुढचा दात काळवंडत चाललाय. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या जिन्यावरून पडली, तेव्हाच आतली नस मेली. मूळ अर्धवटच राहिलं, भिंती कागदासारख्या पातळ. आज ना उद्या मोडणार. एक्स-रे बघताच मी म्हटलं होतं, डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं! पदवी नाही माझ्याकडे. पण कवळ्या बनवण्यात उभं आयुष्य गेलंय, आणि जे येतं ते स्वतः वाचून, स्वतः करून शिकलोय.

बाईंच्या इस्पितळात एक प्रयोग चाललाय. दुधाच्या दाताच्या गरात मूळपेशी असतात. त्या प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि मेलेल्या दातात सोडायच्या. काही मुलांत रक्तपुरवठा परत आला, मूळ पुन्हा वाढलं. हमी नाही, हे बाईंनी पुन्हा पुन्हा बजावलं. लेकीचा कामाचा असा एकच दुधाचा दात उरलाय — वरचा डावा सुळा. बाकीचे पडले, दाढा किडक्या.

९ मार्च

सुळा हलतोय. परवा सोमवारी काढणार. मध्येच पडला तर म्हणून बाईंनी गुलाबी द्रावाची बाटली दिलीय. "यात टाका, थंड ठेवा, तसाच घेऊन या."

बायकोचं दिवसभर एकच — "जीभ लावू नकोस गं त्याला!"

"मग जीभ ठेवू कुठे? कपाटात?" लेक.

१० मार्च

पडला! दात घासताना. रक्त, पेस्टचा फेस — असला घाणेरडा दात प्रयोगशाळेत पाठवायचा? माझ्या टेबलावर कुणाच्या तोंडातली वस्तू निर्जंतुक केल्याशिवाय येत नाही. आजवर एकदाही नाही. मऊ ब्रशनं साफ केला, स्पिरिटमध्ये बुडवून ठेवला, मग बाटलीत घातला. लेक शेजारी उभी राहून बघत होती.

बायको म्हणाली, "अहो, तसाच आणा म्हणाल्या होत्या ना त्या?"

"आता तू मला दात शिकव!"

११ मार्च

पोचवला. खिडकीवरच्या मुलीनं बाटली धड बघितलीसुद्धा नाही. कामाची ही पद्धत!

२ एप्रिल

एकही पेशी वाढली नाही. "गर मेलेलाच होता," बाई म्हणाल्या. मी भडकलो. तुमच्या त्या खिडकीवरच्या मुलीनं बाटली उन्हात ठेवली असेल, तुमचा फ्रिज बंद पडला असेल — वाटेल ते बोललो. रांगेतली माणसं माना वळवून बघत होती. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "घरी काही लावलं होतं का दाताला?"

"काय लावणार?"

त्यांनी माझी माफी मागितली. त्यांनी!

३ एप्रिल

स्पिरिट. दुधाच्या दाताचं मूळ पडण्याआधी झिजतं. खालून सगळं उघडं असतं, गरापर्यंत. स्पिरिटला जंतू काय आणि पेशी काय! हे मला ठाऊक होतं. तोंडपाठ होतं.

२१ एप्रिल

जेवताना बायकोला सांगायला तोंड उघडलं. "मीठ कमी पडलंय का?" ती म्हणाली.

"नाही. ठीक आहे."

१७ मे

पुढचा दात मोडला. ब्रेड चावताना. उरलेलं मूळ बाईंनी काढलं. लेक रडली नाही. मी मात्र बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

२ जून

नवा दात मीच केला, टाळूच्या पट्टीवर बसवलेला. शेजारच्या दातावर पांढरा ठिपका आहे, तोसुद्धा हुबेहूब उतरवला. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम. थू!

४ जून

लेकीनं दात घालून आरशात पाहिलं. "अगदी खरा वाटतो, बाबा!" मग कानाशी आली — "तू सुळा स्पिरिटमध्ये ठेवलास ना, ते मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं नाही हं. त्या विचारत होत्या. आई म्हणाली, कुणाला बोलायचं नाही. गर कशानं मेला ते बाबाला कळलं तर त्याला सोसणार नाही."