विरजणाचा शेवटचा चमचा

३ एप्रिल
सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, ग्रेड टू. रामदासपेठेतले डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा, रोज चाला. मी प्रोबायोटिकचं विचारलं. म्हणाले, थोडा फायदा होऊही शकतो, पक्कं नाही, आणि चालणं काही सुटणार नाही. म्हणजे होकारच. येताना कॅप्सूल घेतल्या.
उद्यापासून तर्री-पोहे बंद.

४ एप्रिल, सकाळी ९
तर्री-पोहे खाल्ले. वर लगेच कॅप्सूल घेतली. फिट्टंफाट.

७ एप्रिल
चालायला जाणार होतो. ऊन फार.
मयुरीचा कामठीहून फोन. लेक नव्या घरात राहायला गेली. रविवारी येते म्हणाली, "बाबा, आईचं विरजण मले पाहिजे."
सुमती जाऊन सात महिने झाले. लग्न होऊन आली तेव्हा उमरेडहून माहेरचं विरजण घेऊन आली होती. तेच अजून चालू आहे. आता स्वयंपाकाच्या कामिनीताई रोज दही लावतात.

९ एप्रिल
कामिनीताई भाचीच्या लग्नाला गेल्या. जाताना बजावलं, "भाऊ, दूध कोमट घेजा, अन् विरजणाचा एक चमचा बाजूले ठेवजा." चौतीस वर्षं सरकारी नोकरी केली मी. मला दूध शिकवतात!

संध्याकाळी ६
कल्पना सुचली. विरजण म्हणजे तरी काय, कॅप्सूलमध्ये असतात तसे जिवंत बॅक्टेरियाच. सगळं विरजण घातलं, वर चार कॅप्सूल फोडून टाकल्या. दूध चांगलं कढत घेतलं, उगाच जंतू नकोत. माझ्या लिव्हरचं काम होईल, मयुरीलाही डबल पॉवरचं मिळेल.

१० एप्रिल
दही लागलं नाही. वास येतोय. वाट पाहू.

दुपारी
वाट पाहिली. फेकलं.

१२ एप्रिल
सीताबर्डीच्या डेअरीतून दही आणलं. सुमतीच्या गाडग्यात लावलं. या वेळी दूध कोमट. हुबेहूब जमलं. मयुरीला कळायचं कारणच नाही.

१३ एप्रिल, रविवार
मयुरी आली. बोटाने चाखलं. परत एकदा चाखलं. मग म्हणाली, "हो, आईचंच आहे." फसली, असं मनात म्हणतोय तोच तिने विचारलं, "मंग तुम्ही रडता काहून, बाबा?"
मी सगळं सांगून टाकलं. सात महिने सुमतीच्या हातचं काहीतरी या घरात जिवंत होतं. मी त्यावर कढत दूध ओतलं.
मयुरीने तरीही गाडगं पदराखाली धरून नेलं.
आज तर्री-पोहे खाल्ले नाहीत. भूकच लागली नाही.