दोघींचा करार

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मुद्दाम तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते आहे, आईच्या हाती पडायला नको. फोनवर बोलावं तर ती शेजारीच बसलेली असते आणि तू नुसतं हं हं करतेस.

बातमी अशी की आमचा विभागच बंद होतो आहे. कृत्रिम हातपाय बनवायला शिकणारे आम्ही मोजके, त्यात यंत्रं महाग. विद्यापीठाने हात वर केले. हे सत्र संपलं की दुसरीकडे प्रवेश बघा, असं बाईंनी वर्गात सांगितलं. सांगताना त्यांचाच चेहरा उतरला होता, त्यांचीही नोकरी जाते आहे. आम्हा परदेशी मुलांना तर नवा प्रवेश दाखवला नाही तर इथे राहताच येत नाही. त्यामुळे मी नुसती अर्ज, दाखले आणि रांगा यांच्यात आहे. संध्याकाळी उपाहारगृहात भांडी विसळते आणि खोलीवर येऊन बुटांसकट झोपते.

दोन ठिकाणांहून होकार आला. मोठ्या शहरातलं विद्यापीठ माझे झालेले सगळे विषय धरतं, म्हणजे वर्षात पदवी हातात. पण तिथे सगळं संगणकावर, पाय काही प्रत्यक्ष बनवायचा नाही. दुसरं एका लहान गावात आहे. रुग्णालयाला लागून त्यांची कार्यशाळा आहे, माणसं येतात, त्यांची मापं आपण घ्यायची. पण ते माझे निम्मेच विषय धरतात. तिथे गेले तर जवळजवळ तीन वर्षं.

आपला करार मी विसरलेली नाही. आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा ठरलं होतं, मी शिकून येईपर्यंत तू घरी, मग मी घरी आणि तू मोकळी. एप्रिलअखेर उत्तर द्यायचं आहे. तू सांगशील तसं करते. माझं डोकं आता चालत नाही.

रागावलीस तरी चालेल, पण माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
टकळी


१७ मार्च

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आमच्या रक्तपेढीच्या शिपायाने सगळ्यांसमोर आणून दिलं. परदेशी तिकीट बघून अर्ध्या खात्याला वाटलं, हिचं लग्न जमलं. दिवसभर चिडवून घेतलं.

आई बरी आहे. काठी घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जाते, जिना मात्र नाही. मी कामावर असते तेव्हा शेजारच्या काकू डोकावतात. बाकी उठवायला मी, आंघोळीला मी आणि तिचा चष्मा शोधायलाही मीच. मी आवाज चढवला की तिला तुझी आठवण येते. टकळी असती तर एवढी ओरडली नसती म्हणते. तू किती ओरडायचीस ते ती सोयीस्कर विसरली आहे.

तू विचारलंस म्हणून सांगते, नाहीतर सांगणार नव्हते. आमची नवी प्रयोगशाळा दुसऱ्या शहरात सुरू झाली आणि तिची प्रमुख म्हणून मला बोलावलं आहे. जागा वर्षभर धरून ठेवतो, त्यापुढे नाही, असं साहेब म्हणाले. तेव्हा निवड मला सांगू नकोस. मी शहर म्हटलं तर जन्मभर तू मनातल्या मनात मला बोल लावशील. गाव म्हटलं तर मी तुला लावीन. मी काही देवमाणूस नाही, टकळे. दमले आहे. आईला उठवताना कधीकधी वाटतं, ही आपली आई आहे की आपली दुसरी नोकरी, आणि मग स्वतःचीच लाज वाटते.

वेळेवर जेवत जा. मी तिरसट लिहिलं तरी जीव तुझ्यावर आहे, तो धरून चाल.

तुझी,
ताई


१ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

एवढी मोठी जागा मिळाली आणि माझ्यापासून लपवलीस. अभिनंदन, आणि शाबास.

मी त्या लहान गावी जाऊन आले. जायलाच नको होतं. कार्यशाळेत सगळीकडे प्लास्टरची धूळ, भिंतीला टेकवून ठेवलेले अर्धवट पाय. एक सुतार नवा पाय बसवून घ्यायला आला होता. आधाराच्या दोन दांड्यांच्या मधून चालला, वळला आणि बसून म्हणाला की घोटा आत ओढतो आहे. तिथल्या सरांनी माझ्या हातात पाना दिला आणि बघ म्हणाले. मी स्क्रू जरासा फिरवला. तो परत चालला. पाय सरळ पडत होता. बायकोला पिशवी उचल म्हणाला आणि दोघं घरी निघाले. ताई, इतक्या महिन्यांत मला झोपेशिवाय काहीच हवंसं वाटलं नव्हतं. ते काम मला हवंसं वाटलं.

तरी शहराला होकार द्यायचं ठरवलं आहे. महिनाअखेर पगार झाला की शुल्क भरून टाकते. वर्षात परत येते, तू जागा सोडू नकोस. मला राग आला आहे. तुझा नाही, आणि तुझाच. त्यावर काही लिहू नकोस.

राग ओसरेल, तोवर तू आपली लोभ करत राहा.

तुझी,
टकळी


१२ एप्रिल

चि. टकळीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

याची दुसरी प्रत ताईच्या उशीखाली ठेवते आहे. एकमेकींशी पत्रांतूनच बोलायचं असेल तर मलाही लिहिता येतं.

ताई ताटावरून अर्धपोटी उठायला लागली म्हणून मी विचारलं. आधी काही नाही म्हणाली, मग सगळं बोलली आणि खूप रडली. माझ्या आजारपणाचा करार तुम्ही दोघींनी केलात आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही. हाड मोडलं होतं माझं, डोकं नाही.

ताई खाली माझ्याजवळ झोपायला लागल्यापासून वरची तुमची खोली पडूनच होती. ती मी भाड्याने दिली. समोरच्या शाळेतल्या बाई आहेत, एकट्याच असतात. सामान घेऊन आल्यासुद्धा. तुमच्या ट्रंका माळ्यावर गेल्या. आंघोळीला मदत करायला काकूंनी एक बाई बघून दिली आहे. तिचे हात गार असतात आणि ती फार घाई करते. मला ती आवडत नाही, पण निभेल. ताईने जूनपासून नव्या जागेवर जावं आणि तू कार्यशाळेच्या गावी. तीन वर्षं लागतात तर लागू देत. शहराला काही पाठवू नकोस, म्हणून हे पत्र जलद टपालाने टाकते आहे.

मी हे हौसेने करते आहे असं समजू नका. दोघी माझ्याजवळ असाव्यात असंच मला वाटतं, रोज वाटतं. म्हणून तर खोली आधी दिली आणि पत्र मागाहून लिहिते आहे. ती रिकामी राहिली असती तर मीच तुम्हाला बोलावून घेतलं असतं.

लोभ करायचा राहू देऊ नका.

तुमची,
आई